त्या पेपरला मी हजर होते

विद्यापीठाला दोनच ऋतू असतात, उन्हाळी परीक्षा आणि हिवाळी परीक्षा. पावसाळा त्याच्या वेळापत्रकात नाही. कॉलेजात नवीन होते तेव्हा मला याची गंमत वाटायची. आता उन्हाळी परीक्षा जवळ आली की एका जागी बसवत नाही.

ती आल्याचं बीडमध्ये आधी झेरॉक्सच्या दुकानांना कळतं. अपेक्षित प्रश्नांचे संच दोरीला टांगले जातात. काळीपिवळी जीपमध्ये, वर्षभर कधी न दिसलेली मुलं मांडीवर गाइड उघडून बसलेली दिसतात. कडुलिंबाला बारीक पांढरा फुलोरा येतो आणि त्याचा गोडसर कडू वास कॉलेजच्या फाटकापासून पार जिन्यापर्यंत पसरतो. इतरांना तो वास कसा वाटतो मला माहीत नाही. मला त्यानं घाम फुटतो.

यंदा हॉलतिकीट घ्यायला गेले तेव्हा भूगोलाचे सर भेटले. म्हणाले, "वार्षिकांकाला काहीतरी लिही. विद्यापीठात काय सुधारलं पाहिजे, विद्यार्थ्यांच्या नजरेतून. तक्रारीचा सूर नको, पण खरं लिही."

मी हो म्हणून बसले. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. विद्यापीठ म्हणजे नेमकं काय, हे मलाच अजून अर्धवट कळलं आहे. ज्याचं दारसुद्धा नीट सापडत नाही, त्या घरात काय बदलावं हे मी कसं सांगू? म्हणून मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहिते. ते एका पेपरापुरतं आहे. लोकसंख्या भूगोल, बी.ए.चं शेवटचं सत्र. मागच्या उन्हाळ्यात मी तो दिला होता, आणि विद्यापीठाच्या लेखी मी तो दिलेला नाही.

*

आम्ही मेंढरंवाले. गाव लिंबागणेशच्या बाजूला आहे, पण गावात आम्ही सलग असे पावसाळ्यातच राहतो. उन्हाळ्यात आबा आणि माय कळप घेऊन पालीच्या धरणाकडे उतरतात. पाणी मागं सरकत जातं तशी गाळावर कोवळी हिरवळ येते, आणि मेंढरं पाण्याच्या मागोमाग सरकतात. मागच्या वर्षी अभ्यासाच्या सुट्टीत मीही तिथंच पालावर होते. पालाची सावली सकाळी एका बाजूला पडायची, दुपारनंतर दुसऱ्या. मी पुस्तक घेऊन सावलीबरोबर फिरत राहायचे. मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या ध्यानात राहत नाही. माय चूल फुंकता फुंकता म्हणायची, "वाच, वाच. मेंढरं बी ऐकून ऐकून पास व्हतील."

"माय, गप की गं."

"मी कुटं बोलायले? ते काळं कोकरू बग कसं ध्यान दिऊन ऐकायलंय. तू तर नुस्ती पुस्तकात."

पुस्तकात एक प्रकरण होतं, हंगामी स्थलांतर. त्यात लिहिलं होतं की चारा व पाणी यांच्या शोधात पशुपालक समूह ठरावीक काळासाठी निवासस्थान बदलतात. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि थांबले. समोर आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. एवढंसं वाक्य आणि त्यात आम्ही सगळे. मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं, कारण त्या वाक्यात काहीच चुकीचं नव्हतं आणि तरीही आमच्यातलं कुणी त्यात नव्हतं.

पेपर दुपारी होता. आदल्या दिवशी विद्यापीठानं त्याची वेळ बदलून सकाळची केली. संकेतस्थळावर तशी सूचना टाकली. संकेतस्थळ बघायला फोन लागतो, फोन आबांजवळ, आणि धरणाच्या पोटात रेंज नाही. माझी मैत्रीण समीना बीडची. तिनं फोन लावून लावून शेवटी स्कूटी काढली आणि ऊन उतरायच्या वेळेला पालीला आली. धरणाच्या काठानं भेटेल त्या मेंढक्याला विचारत, "सोनालीचं पाल कुठंय हो?"

मी तिला लांबून ओळखलंच नाही. धुळीनं चेहरा पांढरा झाला होता.

"मर तू इथंच मेंढरात," ती आल्या आल्या म्हणाली. "उद्याचा पेपर सकाळी झालाय. दुपारी जाऊन काय झाडू मारणार होतीस का कॉलेजात?"

मायनं तिला आधी पाणी दिलं, मग दूध. समीनानं दोन्ही एका दमात संपवलं आणि पुन्हा मला शिव्या घातल्या. ती आली नसती तर मी खरंच गैरहजर राहिले असते. मग विद्यापीठाचं बरोबर ठरलं असतं आणि मला हे लिहावं लागलं नसतं.

*

सकाळी वेळेवर पोचले. अचानक दोन विषयांचे पेपर एका वेळी आल्यानं वर्गात बाक कमी पडले होते. परीक्षा बघणाऱ्या सरांनी इकडं तिकडं पाहिलं आणि मला एकटीला कोपऱ्यावरच्या खोलीत बसवलं. शिपायानं कुलूप काढलं तेव्हा दार पटकन उघडेना, खांद्यानं ढकलावं लागलं.

ती नकाशांची खोली होती. भूगोल घेऊन मी कॉलेजची सगळी वर्षं काढली आणि ती खोली पहिल्यांदा परीक्षेला आतून पाहिली. भिंतीवर कापडी नकाशे लटकलेले. कपाटात पृथ्वीचा गोल, त्यावर धूळ. मातीचे थर दाखवणारी काचेची पेटी. वर्गात सर फळ्यावर खडूनं महाराष्ट्र काढायचे आणि दरवेळी कोकण जरा जाड व्हायचं. इथं सगळं होतं, फक्त कुलपात. किल्ली कुणाकडं असते हे तीन वर्षांत कुणी विचारलं नाही. मीही नाही.

उत्तरपत्रिका मिळायच्या आधी मी घाईघाईनं नकाशात बीड शोधलं. सापडलं. पाली नव्हतं. पालीचं धरण जिच्यावर आहे त्या बिंदुसरेची बारीक निळी रेघ मात्र होती, आणि तेवढ्यानं मला बळ आलं.

प्रश्न आला, हंगामी स्थलांतराची कारणे व परिणाम सोदाहरण स्पष्ट करा. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत माझ्याजवळ सांगण्यासारखं काही होतं. पुस्तकातली व्याख्या लिहिली आणि मग उदाहरण म्हणून आमचं लिहिलं. कळप नव्या शिवारात गेला की आधी पाणी कुठं पाहतात. शेतात मेंढरं बसवली की लेंडीखतापायी शेतकरी धान्य देतो. कोकरं लहान असली की चाल कशी कमी होते. शाळेतल्या पोरांचं काय होतं. हात दुखेपर्यंत लिहिलं. मधे एकदा सर आले, हजेरीची सही घेऊन गेले. कुठल्या कागदावर घेतली ते मी पाहिलं नाही, मला वाक्य पुरं करायचं होतं.

निकाल लागला तो पावसाळा निम्मा सरल्यावर. समीनानं फोनवर वाचून दाखवला. सगळ्या विषयांचे गुण वाचत आली आणि एका ठिकाणी अडली.

"सोनाली, इथं गुण नाहीत गं. एबी लिहिलंय."

"म्हणजे?"

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "गैरहजर."

*

कॉलेजात गेले. कॉलेज म्हणालं, आमच्याकडून सगळं गेलं आहे, विद्यापीठात जा. मी आणि माय एस.टी.नं निघालो. आबा कळप सोडू शकत नव्हते. माय चांगलं लुगडं नेसली, तिनं भाकरी बांधून घेतली.

विद्यापीठ केवढं मोठं आहे! रस्त्यांना दोन्हीकडं झाडं, लांब लांब इमारती, मोर फिरतात. मला वाटलं होतं की एका माणसाला भेटायचं आणि सांगायचं. परीक्षा विभागात ओळीनं खिडक्या होत्या. आम्ही त्यांच्या समोरच्या झाडाखाली जाऊन बसलो.

आता जे लिहिते ते वाचून हसू येईल, पण आमच्याकडं रीत आहे. कळप घेऊन दुसऱ्याच्या शिवारात गेलं की आपण होऊन मालकाच्या दारात जायचं नाही. बांधाच्या अलीकडं, त्याला दिसेल असं बसायचं. तो येतो. विचारतो, कुठले, किती दिवस, पाणी पाहिलं का. मग आपण बोलायचं. आपण आधी तोंड उघडलं की ते मागणं होतं. त्यानं विचारलं की ते बोलणं होतं. लहानपणापासून मी हेच पाहिलं. कधी फार वेळ लागतो, पण कुणीतरी येतंच. दारातली मेंढरं दिसत असताना न विचारता राहणारा माणूस मी पाहिला नव्हता.

तर आम्ही बसलो. खिडक्यांपुढं मुलं येत होती, वाकत होती, जात होती. आतल्या साहेबांना आम्ही स्पष्ट दिसत होतो.

"आता ईल कुनीतरी," माय म्हणाली. "कामात हायेत."

दुपार झाली. खिडक्या जेवणासाठी बंद झाल्या. आम्हीही भाकरी खाल्ली. एक सुरक्षारक्षक आला तेव्हा माय सावरून बसली, पदर नीट केला.

"मावशी, इथं जेवायचं नाही. घाण होते."

"आमी झाडून जातो की," माय म्हणाली. आणि तो गेल्यावर माझ्याकडं वळून, "ह्येनं कुठले म्हून बी इचारलं न्हाई गं."

"माय, इथं तसं नसतंय. आपणच जाऊन सांगावं लागतंय."

"मग जा की. बसलीस कावून?"

मी उठले. खिडकीशी गेले. ती खिडकी इतकी खाली आहे की कमरेत वाकल्याशिवाय आतला माणूस दिसत नाही. वाकलं की काचेत आधी आपलाच चेहरा दिसतो. मी वाकले, माझा चेहरा पाहिला, आणि पाठ केलेलं सगळं विसरले. मागचा मुलगा म्हणाला, "चल ना ताई." मी बाजूला झाले. परत रांगेत लागले. माझी पाळी येईपर्यंत सर्व्हर बंद पडला होता.

परतीच्या गाडीत माय खिडकीबाहेर बघत होती. बीड जवळ आलं तेव्हा म्हणाली, "लई मोठं शिवार हाय. पर मालक कोन ते कळंना."

*

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी बोलले. आतले साहेब वाईट नव्हते. त्यांच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी गठ्ठे होते आणि त्यांच्या मधून त्यांचा चष्मा तेवढा दिसत होता. त्यांनी संगणकात पाहिलं.

"गैरहजर आहात."

"सर, मी आले होते. पेपर लिहिला होता."

"इथं तसं दिसत नाही ना."

माय माझ्या शेजारी वाकली. "आवो सायेब, ही काय, हितं हुबी हाय की."

साहेबांना हसू आलं. मलाही आलं असतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर. ते म्हणाले, "मावशी, त्या दिवशीचं म्हणतोय मी. कॉलेजला खुलासा मागितलाय. तो येईल तेव्हा येईल. माझं ऐका, उन्हाळी परीक्षेत परत पेपर देऊन टाका. सोपं पडेल."

सोपं. त्या शब्दावर मी वर्षभर विचार केला आहे. त्यांनी मदत म्हणूनच सांगितलं. पण कळपातलं एखादं कोकरू संध्याकाळी आईला सापडलं नाही, तर आबा काठी घेऊन निघतात. धरणाच्या गाळात, बाभळींत, दुसऱ्याच्या कळपात. हरवलेल्या कोकराला आम्ही म्हणत नाही की तूच स्वतःला शोधून आण, आणि नाही सापडलंस तर पुन्हा जन्म घे, ते सोपं पडेल.

खुलासा आला नाही. अंबाजोगाईला एम.ए.चे प्रवेश झाले आणि संपले. समीना तिथं गेली. अधूनमधून ती फोन करते. वसतिगृहातल्या खोलीत दुसरी खाट रिकामी आहे म्हणते, मग ती भरली म्हणून सांगताना तिचा आवाज बारीक होतो. मी वर्षभर कळपामागं होते. विद्यार्थी नव्हते, आणि नव्हते असंही नाही. कुणी विचारलं, "काय करतेस?" तर मी "निकालाची वाट बघते" म्हणायचे. लोक म्हणायचे, अजून?

या दिवसांत मी विद्यापीठाबद्दल पुष्कळ विचार केला. वेळापत्रक बदलायचं असेल तर बदलावं, पण जिथं रेंज नाही तिथं कुणी समीना जाईलच असं धरून चालू नये. नकाशांच्या खोलीची किल्ली सरांच्या खिशात असावी. ऐन परीक्षेच्या दिवसांत वाचनालय परीक्षेच्या कामासाठी बंद असतं, हे मला अजून समजलेलं नाही. मराठीतून शिकणाऱ्यांना गाइडशिवाय दुसरं काही वाचायला मिळावं. आणि ती खिडकी. तिला फार खर्च येणार नाही. ती उभ्या माणसाच्या तोंडाइतकी वर घ्यावी. बाकी सगळं व्हायला वेळ लागेल हे मी समजू शकते, पण खिडकीला एक गवंडी पुरे.

हे सगळं लिहिल्यावरही माझं मन शांत होत नाही. कारण यातलं सगळं झालं तरी तो पेपर कुठं आहे? कुठल्या तरी गठ्ठ्यात, कुठल्या तरी खोलीत माझ्या हातची ती पानं पडली असतील. आबा, माय, धरण, सगळं त्यात आहे, आणि वरच्या चौकोनात गुणांची जागा कोरी. तो कुणी तपासला असता तर मला किती पडले असते? कदाचित फार नाही. कदाचित तपासणाऱ्याला आमची गोष्ट विषय सोडून वाटली असती. पण ते मला कळलं असतं.

*

परत पेपर द्यायचा की नाही, यावर मी हट्ट धरून बसले होते. दिला तर मागच्या वर्षी मी आले नव्हते असं मीच म्हटल्यासारखं होतं. नाही दिला तर यंदाही अंबाजोगाई गेली, आणि तिसऱ्या वर्षी मला कुणी विचारणार नाही, मी स्वतःसुद्धा. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी घुटमळत होते. आबा एवढंच म्हणाले, "तू आलतीस हे आमाला ठावं हाय. तेवढं तुला पुरत न्हाई, तर जा, त्येंला बी दाव."

भरला.

पेपरच्या दिवशी मी बीडला समीनाच्या घरी मुक्काम करून कॉलेजच्या फाटकाशी पोचले तर माय तिथं आधीच उभी. पालीहून पहिल्याच काळीपिवळीनं आलेली. मेंढ्या व्यायचे दिवस, आणि कळपामागं आबा एकटे.

"तू कावून आलीस माय?"

"तुला आत जाताना बगायला. मागल्या टायमाला कुनी बगितलं न्हाई ना. आता मी बगते."

शिपाई आला. "मावशी, परीक्षा चालू असताना फाटकात थांबता येत नाही."

"मी काय कापी द्यायला आले व्हय? मला तर लिवता बी येत न्हाई."

शेजारची पोरं हसली. शिपायालाही हसू आवरेना, पण त्यानं तिला रस्त्यापलीकडं जायला लावलं. ती रसवंतीच्या कडेला जाऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

यंदा मी मोठ्या वर्गात होते. स्थलांतराचा प्रश्न आला नाही. लोकसंख्येची घनता आली, जन्मदर आला, पाठ केलेलं होतं ते लिहिलं. चांगला गेला असावा. पण लिहिताना हाताला ती घाई नव्हती. सहीचा कागद आला तेव्हा मी माझं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं, आणि उभ्या असलेल्या सरांना विचारलं, "सर, इथंच ना? बघता का जरा?" त्यांनी चमकून पाहिलं आणि मान हलवली. ते तरुण होते, दुसऱ्या कॉलेजातून आले असावेत. त्यांना माझं काही माहीत नव्हतं.

सुटल्यावर बाहेर आले. उन्हानं मायचा चेहरा तापून काळसर झाला होता. ती काही विचारायच्या आत तेच सर मोटारसायकलवरून फाटकाबाहेर पडत होते. मी मायला सांगितलं, "हे होते आमच्या वर्गावर." सांगायला नको होतं, कारण ती सरळ रस्त्यात जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिली.

सरांनी गाडी थांबवली, पाय टेकवले.

"सायेब," माय म्हणाली, "ही माजी पोरगी. सोनाली. आज पेपरला आलती. ध्यानात ठिवा."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मागं गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सरांनी माझ्याकडं पाहिलं, मायकडं पाहिलं. डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"हो मावशी," ते म्हणाले. "आली होती. मी पाहिलंय."

मायनं मान हलवली आणि बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली.